समोर मिळेल

बटणताईंबद्दल लिहायला बसलो आणि पहिली काही पानं माझ्यावरच खर्ची पडली. बायकोने ती वाचली आणि विचारलं, "यात त्या कुठे आहेत?"

"येतील. अजून पार्श्वभूमी चाललीय."

"तुमची पार्श्वभूमी मला लग्नापासून पाठ आहे," ती म्हणाली. "त्यांचं लिहा."

ती पानं फाडली. तरी मी मधूनमधून डोकावणारच, त्याला इलाज नाही. बटणताईंच्या गोष्टीतला मूर्ख माणूस मी आहे, आणि त्याला वगळलं तर गोष्टीत फारसं काही उरत नाही.

माझं हार्डवेअरचं दुकान आहे. खिळे, स्क्रू, बिजागऱ्या, कड्या, नळाचे वॉशर, आणि गिऱ्हाइकाने न मागितलेला सल्ला. बरोबर समोर बटणताईंचं दुकान होतं. मधली गल्ली इतकी अरुंद की एकमेकांशी बोलायला आवाज चढवावा लागत नसे. माझा मुळातच चढलेला असतो. शिवाय बोलताना गल्ल्यावर हात आपटायची सवय. त्यामुळे गल्लीने माझं नाव 'हातोडी' ठेवलं, आणि ते इतकं रुळलं की एकदा सासूबाईंनी फोनवर बायकोला विचारलं, "हातोडी जेवले का?"

बटणताईंचं दुकान म्हणजे एक उभं कपाट आणि त्यात बसलेल्या बटणताई. तिन्ही भिंतींना छतापर्यंत लहान लहान खण. प्रत्येक खणाला मुठीच्या जागी आतल्या मालातलंच एक बटण लावलेलं. मी एकदा सुचवलं होतं, माझ्याकडून पितळी मुठी घ्या, दुकानाला शोभा येईल. त्या म्हणाल्या, "मूठ लावली तर आत काय आहे ते कसं कळेल?" मला ते त्या वेळी पटलं नाही. पितळी मुठींची एक पेटी माझ्याकडे तुंबून पडली होती, हे त्याचं खरं कारण.

त्यांचे यजमान टेलर होते. दुकान त्यांचंच. नजर अधू होत गेली, आणि एक दिवस त्यांनी एका भल्या गृहस्थाच्या कोटाची डावी बाही उजवीकडे शिवली. गृहस्थ काही बोलले नाहीत, कोट घालून निघून गेले. तो चालत गेलेला कोट पाठीमागून बघून यजमानांनी मशीनवर कापड टाकलं ते कायमचं. पण बटणं उरली होती आणि लोक ती मागायला येत होते. ताईंनी खण उघडले. पुढे यजमान गेले, मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली, ताई खणांपाशी राहिल्या.

मुलगी चांगली होती. फोनवर सारखी म्हणायची, आई, आता पुरे, इकडे ये. ताई जायच्या आणि परत यायच्या. मी एकदा विचारलं, "राहत का नाही? जावई चांगले आहेत म्हणता."

"जावई चांगलेच आहेत," त्या म्हणाल्या. "पहिले चार दिवस मी पाहुणी असते. पाचव्या दिवशी मी त्यांच्या घरातली खुर्ची होते. प्रेमाने सरकवतात, पण दिवसभर इकडून तिकडे सरकवतातच."

म्हणजे ते उभं कपाट हे त्यांचं नुसतं दुकान नव्हतं. ते होतं म्हणून त्या कोणाच्या घरची खुर्ची झाल्या नव्हत्या. हे मला तेव्हाही ठाऊक होतं, आणि पुढचं सगळं मी हे ठाऊक असताना केलं.

गिऱ्हाईक त्यांच्याकडे शर्ट घेऊन यायचं. त्या काही विचारायच्या नाहीत. शर्टावर शिल्लक असलेली बटणं बघायच्या, हात मागे न बघता एका खणाकडे जायचा आणि समोर एक बटण यायचं. डझन नाही, पाकीट नाही. एक हरवलं होतं, एक मिळालं. आणि कोणी त्यांच्याकडे नसलेली वस्तू मागितली, पडद्याचा हुक म्हणा, दाराची कडी म्हणा, की मान वर न करता म्हणायच्या, "समोर मिळेल."

ही आमच्या गल्लीची रीतच होती. एकाकडे जे मिळतं ते दुसऱ्याने ठेवायचं नाही. माझ्या शेजारी वहीवाला. वह्या, पेनं, कार्डशीट. त्याच्याकडे कोणी डिंक मागितला तर तो द्यायचा, पण लाकूड चिकटवायचा डिंक मागितला की माझ्याकडे बोट दाखवायचा. कोपऱ्यावर कपबशीवाला. त्याच्याकडे फुलदाणी मिळायची, पण ती भिंतीला टांगायचा खिळा नाही. त्यासाठी पुन्हा मी. एका गिऱ्हाइकाने घरातून निघताना दोन गोष्टी ठरवल्या तर गल्ली सोडेपर्यंत पाच घेऊन जायचं आणि पाच माणसांशी बोलून जायचं. ही रीत कोणी घातली, कोणाला माहीत नाही. कोणी घातली असती तर मी तीही बदलायला कधीच सुचवलं असतं.

मग रस्त्याच्या टोकाला, बंद पडलेल्या गोदामाच्या जागी, ते मोठं दुकान येणार असल्याचा फलक लागला. फलक आमच्या गल्लीपेक्षा रुंद होता. त्यावर एक कुटुंब होतं, चौघांचे मिळून शंभरेक दात दिसत होते, आणि खाली लिहिलं होतं: सगळं एका छताखाली.

त्याच आठवड्यात व्यापाऱ्यांची बैठक भरली. भरली माझ्याच दुकानात, कारण माझ्याकडे एक न डुगडुगणारं स्टूल आहे. त्या स्टुलावर मी बसलो होतो. वहीवाला म्हणाला, आपली समिती व्हायला पाहिजे, अध्यक्ष कोण? सगळ्यांनी वर बघितलं तर मीच उंचावर. माझ्या निवडीमागे एवढंच कर्तृत्व आहे. वहीवाला चिटणीस झाला, कारण वही त्याची होती.

अध्यक्ष झाल्याबरोबर मला बुद्धी सुचू लागली. मी म्हटलं, "मंडळी, ते काय म्हणतात? सगळं एका छताखाली. बरोबर? मग आपण काय करायचं? आपण प्रत्येक छताखाली सगळं द्यायचं." आणि स्टुलावर बसल्या बसल्या शेजारच्या रंगाच्या डब्यावर हात आपटला.

सगळे एकदम बोलायला लागले. वा, वा, झालं. कपबशीवाला म्हणाला, असा माणूस आपल्यात होता आणि आपल्याला माहीत नव्हतं. मला ते पटलं.

बटणताई दाराशी उभ्या होत्या, आत जागा नव्हती. त्यांनी विचारलं, "सगळ्यांनी सगळं ठेवलं तर समोर काय मिळेल?"

"समोरही सगळंच मिळेल," मी म्हटलं. लोक हसले. ताई हसल्या नाहीत, पण विनोद कळायला काहींना वेळ लागतो असं मी समजून घेतलं.

पुढच्या महिन्यात आमच्या गल्लीत जे झालं त्याला म्हणतात एक ना धड, भाराभर चिंध्या. कपबशीवाल्याने वह्या ठेवल्या. वहीवाल्याने हातोड्या ठेवल्या, माझ्या भिंतीला भिंत लागून. माझ्या पोटात दुखलं, पण अध्यक्षाला स्वतःच्याच योजनेवर पोट दाबून बसता येत नाही. चपलांच्या दुकानात चहाचे कप आले. त्यांना पॉलिशचा वास यायचा, त्यामुळे ते फक्त पेनं ठेवायला विकत घेतले जायचे, आणि त्यावरून वहीवाल्याचं आणि चपलवाल्याचं वाजलं.

मी काय ठेवावं याचा खूप विचार केला. म्हणजे फार केला नाही. माझ्याकडे स्क्रूंचे बरेच खण रिकामे होते. त्या आकाराची वस्तू पाहिजे होती, न कुजणारी, न फुटणारी. मान वर करून समोर बघितलं आणि उत्तर सापडलं. मी बटणं आणली. पोत्याने आणली.

आता हार्डवेअरवाल्याला माल विकायची एकच पद्धत येते. खिळे आम्ही किलोवर देतो. मीही बटणं किलोवर लावली. गल्लीत काय, सगळ्या जगात कोणी बटणं तराजूत टाकली नसतील. मला त्याचा इतका अभिमान वाटला की मी दाराशी पाटी लावली. पहिल्याच दिवशी आसपासचे टेलर आले. एरवी ते ताईंकडून दर आठवड्याला गरजेपुरती न्यायचे, जाता जाता चार गप्पा मारायचे. माझ्याकडून त्यांनी अर्धा अर्धा किलो नेली. एका टेलरने दोन किलो नेली आणि मला म्हणाला, "आता मुलगा धंद्यात येईपर्यंत बघायला नको."

मी घरी येऊन बायकोला सांगितलं, बटणं संपली. तिने विचारलं, "मग उद्या काय विकणार?" मी म्हटलं, बटणं. ती म्हणाली, "कोणाला?"

तिचं बरोबर होतं. मुलगा धंद्यात येईपर्यंत एकही टेलर फिरकला नाही. मी दुसरं पोतं आणलं ते तसंच राहिलं. एका आठवड्यात मी सगळ्या भागाचा बटणांचा धंदा बुडवला, स्वतःचाही. माझ्याकडे निदान खिळे होते.

ताई एकदा रस्ता ओलांडून आल्या. खणात हात घातला, दोन बटणं उचलून उजेडाकडे धरली. "दोन भोकांची आणि चार भोकांची एकत्र केलीत," त्या म्हणाल्या.

"भोकांचं वजन नसतं, ताई," मी म्हटलं आणि स्वतःच हसलो. त्या दोन्ही बटणं परत खणात ठेवून गेल्या. ठेवताना मात्र वेगवेगळी ठेवली.

कपबशीवाला त्यांना म्हणाला होता, तुम्हीही स्क्रू ठेवा, जशास तसं. त्या म्हणाल्या, "मला स्क्रूतलं काय कळतं?" आणि कोणी कडी मागितली, हुक मागितला की अजूनही मान वर न करता म्हणायच्या, "समोर मिळेल." मी ते माझ्या गल्ल्यावरून ऐकायचो. मला वाटायचं, हा माझा दरारा.

मग त्या दुपारभर खण काढून पुसू लागल्या. ज्या दुकानात खण पुसायला वेळ मिळतो त्या दुकानाचं काय चाललंय हे कोणाही दुकानदाराला सांगावं लागत नाही. मी मान फिरवून बसायचो. बसल्या बसल्या, मोठ्या दुकानावर न्यायच्या मोर्चाची भाषणं मनातल्या मनात म्हणायचो.

एका संध्याकाळी त्या शटर ओढून माझ्याकडे आल्या. हातात बटणांचा एक गोल पत्र्याचा डबा, बाकी काही नाही. म्हणाल्या, "उद्यापासून उघडणार नाही. लेक बोलावते आहे."

लिहायला लाज वाटते, पण बायको म्हणते लिहाच. मी म्हटलं, "बरं झालं. आराम करा आता."

घरी हे सांगितलं तेव्हा बायको भांडी घासत होती. तिने नळ बंद केला. "बरं झालं म्हणालात?"

"तोंडातून गेलं."

"चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीत," ती म्हणाली, "आणि वर त्याला आराम कर म्हणालात." मग नळ पुन्हा सुरू केला. त्या रात्री ती माझ्याशी जेवढं बोलली त्यातला निम्मा भाग "मीठ पुढे करा" एवढाच होता. मला झोप लागली, हेही खरंच आहे. मी वाईट वाटून घ्यायला नेहमी उशीर करतो. वाईट वाटलं ते सकाळी, शटर उघडून वर बघितलं तेव्हा. समोर रोज जिथे माणूस असतो तिथे पत्रा होता.

मोठं दुकान उघडलं. आम्ही मोर्चा नेला. फलकांना खिळे मी स्वतः ठोकले होते, आणि ते लाकडापेक्षा लांब निघाले, त्यामुळे सगळे फलक टोकं बाहेर काढून चालले होते आणि कोणी कोणाच्या जवळ जाईना. लांबून आमचा मोर्चा होता त्याच्या दुप्पट दिसत असावा. दारावरच्या पहारेकऱ्याने आम्हाला अडवलं नाही. ऊन होतं म्हणून थंड पाण्याची बाटली आणून दिली. आम्ही घोषणा थांबवून पाणी प्यालो. पाणी पिऊन झाल्यावर पुन्हा त्याच आवाजात घोषणा देणं जड जातं, असं चिटणिसाने नंतर वहीत नोंदवलं. तेवढ्यात आतून कपबशीवाल्याची बायको ढकलगाडी भरून बाहेर आली. तिने नवऱ्याला बघितलं, नवऱ्याने फलकाकडे बघितलं, आणि आम्ही मोर्चा विसर्जित केला.

त्यानंतर गल्ली ओस पडली. वहीवाल्याच्या हातोड्यांना गंज चढला, तेव्हा त्याने मला विचारलं, गंज कशाने जातो? मी त्याला रॉकेल विकलं. त्या महिन्यातली ती माझी मोठी विक्री.

आणि मग हळूहळू वेगळीच माणसं यायला लागली. एक बाई आल्या, कपाटाची एक बिजागरी मोडली होती, एकच पाहिजे होती. एक म्हातारे गृहस्थ आले, नळाचा एक वॉशर. कोणाला एक स्क्रू, तोही चष्म्याच्या पेटीचा. वहीवाला म्हणाला, माझ्याकडेही येतात, एकच कार्डशीट द्या म्हणतात. कपबशीवाल्याकडे तर कोणी नुसतं किटलीचं झाकण विचारत आलं, आणि त्याच्याकडे ते होतं. सगळेच म्हणायचे, तिकडे सांगितलं इथे मिळेल म्हणून. कोणी सांगितलं, हे मी विचारलं नाही. गिऱ्हाइकाचं ऐकायची मला सवय नाही, गिऱ्हाइकाला ऐकवायची आहे.

पुढच्या बैठकीत मी स्टुलावरून जाहीर केलं, "मंडळी, माणूस शेवटी माणसाकडेच येतो. आपल्या आंदोलनाला फळ आलं." टाळ्या पडल्या. विजयसभा घ्यायचं ठरलं, भाषण अर्थातच माझं. भाषणात शत्रूची दोनचार ताजी उणी दाखवावीत म्हणून मी त्या दुकानात जायचं ठरवलं. आजवर मी तिथे पाऊल टाकलं नव्हतं, आणि अध्यक्ष तिथे दिसणं बरं नव्हे. म्हणून दुपारी दुकान बंद केलं, टोपी घातली, काळा चष्मा लावला आणि मानेभोवती मफलर गुंडाळला. उन्हाळा होता.

दारावरचा पहारेकरी म्हणाला, "या अध्यक्ष. आज एकटेच?"

आत थंडगार होतं. मी आधी बघितली ती आमची ओळ, हार्डवेअरची. स्क्रू वीस वीसच्या पाकिटात, बिजागऱ्या जोडीने, वॉशर डझनाने, सगळं प्लॅस्टिकमध्ये असं बंद की उघडायला माझ्याकडची कात्री लागावी. मला फार बरं वाटलं. वाक्यं आपोआप जुळायला लागली. तेवढ्यात रॅकच्या पलीकडून कोणीतरी बोललं.

"एकच पाहिजे असेल तर इथे नाही मिळायची. बाहेर पडा, डावीकडे गल्लीत वळा. हातोडी म्हणून विचारा, कोणीही सांगेल. आवाज मोठा आहे, पण माल बरा आहे."

मी रॅकच्या टोकावरून डोकं काढलं. शिवण आणि दुरुस्ती अशा पाटीखाली एक लहानसा काउंटर होता, त्यामागे मशीन, आणि मशीनपाशी दुकानाचा निळा कोट घालून बटणताई. कोटाच्या बाह्या त्यांना लांब होत्या, त्यांनी त्या आत दुमडून टाचल्या होत्या. समोर तो गोल पत्र्याचा डबा. मोडकी बिजागरी हातात धरलेला एक माणूस मान डोलवत दाराकडे निघाला होता.

मी मफलर सोडला, चष्मा काढला. "ताई, तुम्ही लेकीकडे गेला होतात ना?"

"गेले होते," त्या म्हणाल्या. मला बघून त्यांना आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. "पाचव्या दिवशी खुर्ची झाले. परत आले तर इथे पँटी आखूड करायला माणूस पाहिजे होता. ह्यांचं बघून बघून तेवढं येत होतं."

"मग आम्हाला सांगायचं नाही का?"

"तुम्ही मोर्चा काढला असता."

काढला असता.

त्यांनी एक पँट मशीनखाली सरकवली. मी उभा राहिलो. गेले कित्येक दिवस माझ्या दुकानात आलेली सगळी माणसं डोळ्यांपुढून गेली. बिजागरीवाल्या बाई, वॉशरवाले गृहस्थ, चष्म्याच्या पेटीचा स्क्रू, वहीवाल्याची कार्डशीट, किटलीचं झाकण. ज्यांच्या जिवावर मी टाळ्या घेतल्या होत्या ती सगळी इथून, या दीड हाताच्या काउंटरवरून निघाली होती.

"तुम्ही माणसं आमच्याकडे पाठवता?" मी विचारलं. माझा आवाज पहिल्यांदाच उतरलेला होता, त्यामुळे त्यांना नीट ऐकू आलं नाही. मी पुन्हा विचारलं.

"इथे एक बिजागरी मिळत नाही," त्या म्हणाल्या. "मग कुठे मिळते ते सांगायला नको?"

"मी तुमची बटणं तराजूत घातली, ताई."

"हो."

"माझं चुकलं."

त्यांनी दोरा दातांनी तोडला, पँटची घडी घातली. "चुकलंच," त्या म्हणाल्या. नाही हो, असू द्या, असं काही म्हणाल्या नाहीत, आणि मला त्याचं बरं वाटलं. खोटं सांत्वन घेऊन मी तिथून आणखी लहान होऊन निघालो असतो.

मग त्यांनी माझ्या टोपीकडे बघून विचारलं, "दुकानात कोणाला बसवून आलात?"

"कोणाला नाही. बंद करून आलोय."

"अहो, मी आत्ता माणूस पाठवला की तुमच्याकडे. शटर बघून परत जाईल. जा आधी."

मी धावलो. मफलर एका हातात, टोपी दुसऱ्या. पहारेकऱ्याने दार उघडून धरलं. या वयात धावताना माणूस जसा दिसतो तसाच मी दिसलो असणार, कारण वहीवाल्याने दारातून विचारलं, "काय झालं, पोलीस?"

तो माणूस शटरपाशी उभा होता. मी कुलूप काढलं, बिजागरी दिली, स्क्रू दिले, न मागता सल्ला मात्र दिला नाही. बायकोला हे नंतर सांगितलं तर तिचा विश्वास बसला नाही. माणूस पिशवी उचलून निघाला, आणि वळून त्याने शर्टाची बाही पुढे केली. मनगटाशी बटण नव्हतं, दोऱ्याचं एक टोक लोंबत होतं.

"असलं बटण कुठे मिळेल हो इथे?"

माझ्या पाठीमागच्या खणात सबंध पोतंभर बटणं पडली होती, दोन भोकांची आणि चार भोकांची, सगळी एकत्र. मी हात मागे नेलाही होता. पण तोंडातून जे गेलं ते तीस वर्षांच्या सवयीने गेलं.

"समोर मिळेल."

तो समोर वळला. समोर पत्रा होता. मीही बघितलं. रोज बघतो, पण तेव्हा त्याच्यासोबत बघितलं आणि मला रडू येईल असं वाटलं. आलं नाही.

"बंद आहे," तो म्हणाला.

"हो, बंद आहे. तुम्ही असं करा, आत्ता जिथून आलात ना, तिथेच परत जा. शिवणाच्या काउंटरवर त्याच बाई. काही सांगायला लागणार नाही, नुसती बाही दाखवा. एकच देतील, आणि लावूनही देतील."

त्याने माझ्या डोक्यावर बघितलं. तिथे समितीचा फलक होता, मीच ठोकलेला, खिळ्याची टोकं अजून बाहेर. 'या गल्लीतून तिकडे कोणीही जाऊ नये. आपला, अध्यक्ष.' त्याने तो सावकाश वाचला, मग माझ्याकडे बघितलं.

"नक्की जाऊ ना?"

"जा," मी म्हटलं. "समोरच्याने पाठवलंय म्हणून सांगा."